११ आठवडे उरलेत आणि गुडघा कुरकुरतोय

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक मैत्रीण ३९ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी चालण्यापासून सुरुवात केली, मग पळायला लागली, मागच्या वर्षी एक हाफ मॅरेथॉन पूर्ण केली आणि आता आयुष्यातली पहिली फुल, म्हणजे ४२.१९५ किमी. स्पर्धेला ११ आठवडे उरलेत. तीन आठवड्यांपूर्वी प्लॅनमध्ये १८ किमीचा लाँग रन (म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) होता, त्याआधी या सीझनला ती जास्तीत जास्त १७ पळालेली. पण ग्रुपमधले बाकीचे २६ करणार होते, "दम लागत नव्हता म्हणून मीही पळत राहिले." दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ. सूज नाही, गुडघा अडकत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की विशेष काही नाही, आराम करा. पाच दिवस आराम केला आणि थेट १६ पळायला गेली, पाचव्या किमीला दुखणं परत हजर. मागच्या रविवारी पेनकिलर घेऊन १८ केले. घरी नवरा म्हणतो गुडघे कायमचे जातील, सोड हे. ग्रुपमध्ये म्हणतात थोडंफार दुखणारच, रेटून ने. कुणीतरी अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटचं उदाहरणही दिलंय, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर १७ दिवसांत मॅरेथॉन जिंकलेली ती. शेवटी तिने लिहिलंय, "सगळ्यांना सांगून बसलेय. पळू की सोडून देऊ, एकदाच काय ते सांगा."

उत्तर:

सगळ्यात आधी ती गोळी बंद कर. बाकीचं सगळं नंतर बोलू, पण पळण्याआधी पेनकिलर घेणं आजपासून बंद. एक कारण तुला माहीत असेलच, की आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन दोन-तीन तास घाम गाळत पळलं की पोटाला त्रास होऊ शकतो आणि मूत्रपिंडांवरही नको तेवढा ताण येतो. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. मी खाली जे काही सांगणार आहे ते सगळं, अगदी सगळं, तुझा गुडघा तुला काय सांगतोय यावर उभं आहे. गोळी घेतलीस की तोच गप्प होतो आणि मग १८ किमी झाले की नाही एवढंच कळतं, ते पचले की नाही हे कळत नाही. (डॉक्टरांनी दुसऱ्या कशासाठी गोळी दिली असेल तर ती त्यांना न विचारता बंद करू नकोस, मी फक्त पळण्याआधीच्या गोळीबद्दल बोलतेय.)

दुसरं म्हणजे तू लिहिलंस की सूज नाही, अडकत नाही आणि डॉक्टरांनी तपासलंय, म्हणून मी पुढे हे किरकोळ दुखणं धरून लिहिणार आहे. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, गुडघा काही तासांत टम्म सुजला, पाय टेकून चार पावलंही टाकता येईनात, गुडघा काटकोनात वाकेना, मध्येच अडकून बसतो किंवा अचानक पाय मुडपल्यासारखा होऊन दगा देतो, लाल होऊन गरम लागतो आणि सोबत ताप आहे, किंवा हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय आणि रात्री पडल्यावरही ठणकतंय, तर हे सदर इथेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. अशी दुखणी अंगावर काढायची नसतात. तुझ्या बाबतीतही यातलं काही नव्याने सुरू झालं तर तोच नियम.

आता तुझा प्रश्न. पळू की सोडून देऊ. मला वाटतं या प्रश्नानेच तुला जास्त दमवलंय. नवरा आणि ग्रुप एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं तुला वाटतंय, पण नीट बघितलंस तर दोघांचा समज एकच आहे, की गुडघा एकतर चांगला असतो नाहीतर बिघडलेला असतो, म्हणजे बिघडला असेल तर थांबायचं आणि चांगला असेल तर रेटायचं. तुझा गुडघा या दोन्हींत बसत नाही. तो आज ४-५ किमी सहन करतोय, १६ सहन करत नाही, एवढंच झालंय. महिन्याभराने हा आकडा वेगळा असेल, आणि तो वर जाईल की खाली हे बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे.

तीन आठवड्यांपूर्वी नेमकं काय झालं ते तूच लिहिलंयस, फक्त लिहिताना तुझ्या लक्षात आलं नसावं. १७ वरून थेट २६. एका रविवारात दीडपट! आणि "दम लागत नव्हता" हे तर अगदी खरं असणार, कारण हृदय आणि फुफ्फुसं पटकन तयार होतात, काही आठवड्यांत फरक कळतो, पण कंडरा, हाडं, कूर्चा, सांध्याच्या आतला सगळा कारभार संथ असतो, त्याला महिने लागतात. पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या खूप जणांचं नेमकं इथेच फसतं, दम पुरतो म्हणून पळत राहतात आणि गुडघा मागे राहिलेला असतो. यात तुझं शरीर कमी पडलं, वय झालं, वजन जास्त आहे, तू पळायसाठी बनलेली नाहीस, असलं काही नाहीये. पत्रात तू हे सगळं स्वतःला बोलून घेतलंयस म्हणून मुद्दाम लिहितेय.

वाटीमागे किंवा वाटीभोवती दुखणं, जिना उतरताना, उकिडवं बसताना, खुर्चीत खूप वेळ बसून उठताना जास्त जाणवणं, हे पळणाऱ्यांमध्ये इतकं नेहमीचं आहे की त्याला 'रनर्स नी' असंच नाव पडलंय. (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर झालं की सुरू होणारी आणि उतारावर वाढणारी कळ असेल तर ती बहुतेक आयटी बँडची, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्याची, ती वेगळी, पण भार कमी-जास्त करण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते तिलाही बरंचसं लागू आहे.) रनर्स नीमध्ये बहुतेक वेळा आत काही तुटलेलं फाटलेलं नसतं. वाटीच्या मागच्या भागावर सवयीपेक्षा जास्त दाब आला, तो भाग चिडला, आणि चिडलेला असल्यामुळे साध्या जिन्यालाही आता ओरडतोय.

एमआरआय करून घेऊ का असं तू विचारलंयस. डॉक्टर म्हणाले तर कर, नुसत्या मनाच्या समाधानासाठी करू नकोस, कारण समाधान होईलच असं नाही. न दुखणाऱ्या गुडघ्यांचे एमआरआय काढून बघितलेत लोकांनी. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठं आयुष्य असलेल्या ११५ जणांचे २३० गुडघे तपासले, कुणालाही काही त्रास नव्हता, तरी ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही 'दोष' सापडला. म्हणजे तुझ्याही रिपोर्टमध्ये दोन-तीन भीतीदायक शब्द येणार, आणि ते दुखण्याआधीपासूनच तिथे होते की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, पण तू मात्र पुढची दोन वर्षं ते शब्द डोक्यात घेऊन पळशील.

नवऱ्याच्या बोलण्याबद्दल. "गुडघे कायमचे जातील" हे तो रागाने म्हणत असेल तरी आत काळजी आहे, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा त्याला हे वाचायला दे. पळून गुडघे झिजतात हा समज फार जुना आहे आणि हौशी पळणाऱ्यांच्या बाबतीत आकडे उलटं सांगतात. २०१७मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र तपासणी झाली, त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साधारण ३.५ टक्के निघालं, आणि न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये मात्र १३.३, हेही त्याला सांग, आपल्या सोयीचं तेवढंच सांगू नकोस. तू ज्या प्रमाणात पळतेस त्याने गुडघे जातात असं मानायला काही आधार नाही. पण दुखणाऱ्या गुडघ्यावर गोळी घेऊन १८ किमी करणं बरोबर नाही, आणि तिथे तो बरोबर आहे, हेही त्याला मोकळेपणाने सांग. मला वाटतं तेवढ्यानेच घरातलं निम्मं वातावरण निवळेल.

आता आरामाबद्दल, कारण इथे मी स्वतः चुकलेय. माझा गुडघा असाच दुखायला लागला तेव्हा मी सहा आठवडे पूर्ण बसून काढले. जिने टाळले, चालणं कमी केलं, दुखणं गेलं. सातव्या आठवड्यात जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी तीच कळ, त्याच जागी. तेव्हा खूप रडू आलं होतं मला, की आता हे कायमचं. नंतर कळलं की सहा आठवड्यांत दुखणं शांत झालं होतं पण मांडीचे स्नायूही ढिले पडले होते, म्हणजे गुडघ्याची सहन करायची ताकद आधीपेक्षाही कमी झाली होती, आणि मी त्याच्यावर जुनाच भार टाकला. तू पाच दिवस आराम करून थेट १६ ला गेलीस ते याचंच छोटं रूप. पाच दिवस कमी पडले असं तुला वाटतंय. मला वाटतं दिवस ठीक होते, परत जाताना १६ च्या जागी ४ हवे होते.

आणि फिटनेस जाईल ही जी धास्ती आहे ना, ती जरा बाजूला ठेव. पहिल्या आठ-दहा दिवसांत दमसासावर नावापुरताच फरक पडतो, पूर्ण बंद ठेवलं तरी दोन-तीन आठवड्यांनी काही टक्के कमी होतो, आणि तू पूर्ण बंद ठेवणारच नाहीयेस. सायकल (सीट थोडी उंच, म्हणजे गुडघा फार दुमडत नाही, आणि जोर कमी), पोहणं, खोल पाण्यात तरंगत पळण्याची हालचाल, यातलं जे न दुखता जमेल ते लाँग रनच्या दिवशी तेवढाच वेळ कर. हृदयाला तू पळतेयस की पॅडल मारतेयस याने फारसा फरक पडत नाही.

मग पळायचं किती? एक सोपी मोजपट्टी सांगते, ती पाठ कर. दुखण्याला ० ते १० मध्ये मार्क दे, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होणार नाही इतकं. पळताना २ पर्यंत चालेल. पळून झाल्यावर तासाभरात दुखणं पळायच्या आधी होतं तिथे परत आलं पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जिना उतरताना ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. तिन्ही जमलं तर कालचा भार पचला. एक जरी चुकलं तर पुढच्या वेळी कमी, बस. कॅनडात रनर्स नी असलेल्या ६९ धावपटूंवर ८ आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता, २०१८मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त हेच शिकवलं, दुखणं २ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि तासाभरात खाली यायला हवं असं बघून अंतर, वेग, चढउतार कमी-जास्त करायचे. बाकी दोन गटांना याच्यासोबत व्यायाम किंवा पळण्याच्या पद्धतीत बदल असं जास्तीचं काही दिलं. तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. मला हे फार धीर देणारं वाटतं, कारण यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही, फक्त प्रामाणिकपणे मार्क द्यावे लागतात, आणि तुझ्यासारख्या हट्टी माणसाला तेच सगळ्यात जड जातं. (हट्टी हे मी कौतुकानेच म्हणतेय, हट्ट नसता तर तू इथवर आलीच नसतीस.)

एक अपवाद, त्याला मार्कांशी देणंघेणं नाही. लंगडायला लागलीस की त्याच क्षणी थांबायचं. मार्क १ असो की २ असो. चाल बदलली की भार दुसरीकडे जातो आणि नवीन दुखणं तयार होतं.

पुढचे दोन आठवडे मी काय करायला सांगेन तर, सपाट रस्ता, उतार अजिबात नको, आठवड्यातून तीन किंवा चार वेळा, मध्ये एक दिवस सोडून. दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल, असं वीस मिनिटं. जमलं तर पुढच्या वेळी पंचवीस. वेगाचं घड्याळ घरी ठेव. आणि एक छोटा बदल नक्की करून बघ. पळताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोज. समजा ४० वेळा टेकला, तर वेग तोच ठेवून ४२ वेळा टेकवायचा प्रयत्न कर. दोनच पावलं जास्त, पण त्याने पाऊल आपोआप छोटं पडतं, पाय शरीराच्या फार पुढे न टेकता खालीच टेकतो आणि गुडघ्यावर येणारा दणका कमी होतो. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, तुरुतुरु पळतोय असं. वाटू दे. उगाच एकदम ४६-४८ वर नेऊ नकोस, नाहीतर पोटऱ्या धरतील.

आता पायांची ताकद. त्या प्रयोगात व्यायामाचा वेगळा फायदा दिसला नाही असं मीच वर लिहिलं, तरी मी तुला व्यायाम सांगणारच, कारण तुला फक्त दुखणं घालवायचं नाहीये, पुढे ४२ किमी पळायचेत. आज घरी एक गोष्ट करून बघ. आरशासमोर जिन्याच्या खालच्या पायरीवर किंवा एखाद्या बुटक्या भक्कम पाटावर उजव्या पायावर उभी राहा, डावा पाय पुढे हवेत, आणि उजवा गुडघा हळूहळू वाकवत डावी टाच जमिनीला टेकेल न टेकेल एवढं खाली जा. घाई नको, तीन आकडे मोजत. आता आरशात उजवा गुडघा कुठे गेला ते बघ. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला, की आत डाव्या गुडघ्याकडे झुकला? कंबरेची एक बाजू खाली पडली का? बहुतेकींचा गुडघा आत झुकतो, आणि मग लक्षात येतं की नुसत्या गुडघ्याकडे बघून भागणार नाही, वर नितंबाचे स्नायू आणि मांडी यांनी त्याला धरून ठेवायला हवंय. हीच हालचाल, न दुखेल इतक्याच उंचीवरून, हा तुझा पहिला व्यायाम. दुसरा ब्रिज, पाठीवर झोपून कंबर उचलायची, जमायला लागलं की एका पायावर. तिसरा कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर. चौथा टाचा उचलणं, एका पायावर, पोटऱ्यांसाठी. आठवड्यातून तीनदा, शेवटची दोन-तीन आवर्तनं जड जातील इतके. दहा-बारा व्यायामांची यादी मी मुद्दाम देत नाहीये, कारण ती तीन दिवसांत सुटते. शक्य असेल तर एकदा फिजिओला दाखव, आणि जाताना "आराम करा" एवढंच ऐकून येऊ नकोस, "आज मी किती पळू शकते आणि पुढच्या आठवड्यात किती" हा प्रश्न विचारून उत्तर घेऊन ये.

बर्फ, नीकॅप, टेप, बूट याबद्दल पटकन. बर्फाने बरं वाटत असेल तर दहा-पंधरा मिनिटं लाव, मात्र त्याने आतलं काही भरून येत नाही. आराम आणि बर्फाचा जो प्रसिद्ध सल्ला आहे तो १९७८मध्ये ज्या डॉक्टरांनी दिला त्यांनीच २०१४मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं. नीकॅप किंवा टेपने काही दिवस आधार वाटतो, हरकत नाही, पण ते लावून दुखणं २ च्या आत आलं म्हणून लगेच १६ ला जाऊ नकोस. बूट झिजले असतील तर बदल, पण आत्ता घाबरून एकदम वेगळ्याच प्रकारचे बूट घेऊ नकोस, एका वेळी एकच बदल.

आता जोन बेनॉइट. ग्रुपमधल्या ज्याने कुणी उदाहरण दिलं त्याने गोष्ट अर्धीच सांगितली. १९८४च्या मार्चमध्ये एका लांब रनमध्ये तिचा गुडघा दुखायला लागला, २५ एप्रिलला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि १२ मेला, बरोबर १७ दिवसांनी, तिने अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली, मग ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. हे सगळं खरं. पण हेही खरं की १९७९मध्येच तिने बॉस्टन मॅरेथॉन जिंकली होती आणि १९८३मध्ये तिथेच २:२२:४३ चा जागतिक विक्रम केला होता, म्हणजे तिच्या पायांमागे वर्षानुवर्षांचं पळणं होतं. तिच्या गुडघ्यात नेमका अडथळा होता आणि तो काढून टाकला होता. शस्त्रक्रियेनंतर पाय चालवता येत नव्हते तेव्हा ती हातांनी सायकलचं पॅडल मारून दम टिकवत होती. आणि घाईने परत पळायला लागल्यावर गुडघा सांभाळता सांभाळता तिच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, निवड स्पर्धेच्या आधी काही दिवस तिचा जीव त्यात अडकला होता. तुला तिच्याकडून घ्यायचंच असेल तर ते हातांनी मारलेलं पॅडल घे. रेटून नेणं तिला परवडलं कारण तिच्यासमोर आयुष्यातली एकच निवड स्पर्धा होती. तुझी पहिली मॅरेथॉन याच तारखेला झाली पाहिजे असं कुणी सांगितलंय?

हा प्रश्न मी खरंच विचारतेय. काही जणींच्या आयुष्यात तारखेला अर्थ असतो, कुणासाठी तरी पळायचं असतं, काही ठरवलेलं असतं. पत्रात तू तसं काही लिहिलेलं नाहीस, "सगळ्यांना सांगून बसलेय" एवढंच लिहिलंयस. सगळ्यांना तू मॅरेथॉन पळणार असं सांगितलंयस, आणि ती तू पळणारच आहेस. तारीख त्यातल्या कितीजणांच्या लक्षात असेल?

तरीही आज निर्णय घेऊ नकोस, आज घेतलेला कुठलाही निर्णय भीतीतून येईल. कॅलेंडरवर स्पर्धेच्या चार आठवडे आधीच्या रविवारी खूण कर. तोवर सात आठवडे आहेत. पहिले दोन वर सांगितले तसे. मग लाँग रन आठ-दहा किमीपासून परत सुरू, रन-वॉक, आणि सगळं पचलं तरच पुढच्या वेळी तीन-चार किमी जास्त, दोन आठवडे वाढवलं की एक आठवडा कमी. बाकीच्या दिवसांचं पळणं छोटं आणि निवांत, स्पीडवर्क आणि हिल्स, म्हणजे वेगाचा आणि चढाचा सराव, या सात आठवड्यांत विसरून जा. खूण केलेल्या रविवारी तू वीस-बावीस किमी रन-वॉक करून, मार्क २ च्या आत ठेवून, सोमवारी सकाळी नीट जिना उतरू शकलीस, तर स्पर्धेत उतर. त्यानंतर एकच लांब रन, चोवीस-पंचवीसचा, आणि मग तीन आठवडे कमी करत जायचं. स्पर्धेआधी एकदा ३२ किमी झालेच पाहिजेत हे डोक्यातून काढ, तू २६ एकदा केलेयस आणि दमाचा प्रश्न तुला नाहीचे. अख्खी मॅरेथॉन रन-वॉकने करायची, पहिल्या किमीपासून, दुखायला लागल्यावर नाही. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेला जेफ गॅलोवे ७०च्या दशकापासून नवशिक्यांना हेच शिकवत आला आणि त्या पद्धतीने असंख्य लोकांनी पहिली मॅरेथॉन पूर्ण केलीय. चालणं म्हणजे हरणं असं ग्रुपमध्ये कुणी म्हणालं तर ऐकून घे आणि चाल. फक्त स्पर्धेचा कटऑफ टाइम, म्हणजे किती वेळात पूर्ण करायची ती मुदत, बघून ठेव, रन-वॉकने त्यात बसतेस ना ते आधीच कळलेलं बरं.

आणि त्या रविवारी नाही जमलं तर हाफमध्ये बदल करून घे किंवा नाव पुढच्या वर्षावर टाक. बऱ्याच स्पर्धांत यातलं काहीतरी करता येतं पण त्याला शेवटची तारीख असते, ती आजच शोध आणि त्याच कॅलेंडरवर लिही. अशी तारीख निघून जाते आणि मग "आता पैसे भरलेच आहेत" म्हणून माणसं दुखऱ्या पायाने स्टार्ट लाइनवर उभी राहतात, असं मी फार वेळा बघितलंय.

ग्रुपचं काय करायचं. ग्रुप सोडू नकोस, त्यांच्यामुळेच तू पळायला लागलीस. पण पुढचे काही रविवार त्यांच्यासोबत सुरुवात करू नकोस, कारण तू सुरुवात केलीस की त्यांच्याच वेगाने जाशील, १८ चे २६ झाले ते असेच. तुझं रन-वॉक आधी उरकून घे आणि ते परत येतात तिथे जाऊन थांब. कुणी विचारलं तर एकच वाक्य, "गुडघ्याला वेळ देतेय, अमुक तारखेला ठरवणार." प्रत्येकाला वेगळं स्पष्टीकरण द्यायला लागलीस तर प्रत्येकाचा वेगळा उपाय ऐकावा लागेल.

या आठवड्यात एवढंच कर. गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेव. पाटावरची ती आरशातली हालचाल करून बघ आणि गुडघा कुठे जातो ते लिहून ठेव. एक वीस मिनिटांचं रन-वॉक कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, जिना उतरताना मार्क दे. दोन आठवड्यांचे आकडे झाले की मला पाठव, कमी असोत की जास्त, मग पुढच्या दोन आठवड्यांचं बघू.